इंजनवाले अण्णा : आधी ऐकायचं, मग पाना उचलायचा

तेरणाकाठची

माझे वडील या उन्हाळ्यात गेले. औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातली जुनी शेतकरी मंडळी त्यांना 'इंजनवाले अण्णा' म्हणायची. दिवसकार्य उरकलं, पाव्हणे आपापल्या गावी गेले. आता दुकानातलं सामान आवरताना कळतंय की या माणसाचं काम कुठंच लिहिलेलं नाही. पावतीपुस्तक नाही, वही नाही. भिंतीवर खडूनं मांडलेले काही हिशेब आहेत, तेही अर्धे पुसलेले. म्हणून इथं लिहिते. तुमच्या गावात असा कोणी मिस्तरी होऊन गेला असेल तर त्याच्याबद्दल इथंच लिहा, ही विनंती.

अण्णांचा जन्म रझाकाराच्या धामधुमीतला. नेमकी तारीख आजीलाही सांगता यायची नाही. शाळा चौथीपर्यंत. मग चुलत्यानं त्यांना लातूरला गंजगोलाईजवळ एका उस्तादांच्या हाताखाली लावलं. सुरुवातीला पान्याला हातही लावू दिला नाही. काम एकच, रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायचे आणि पोत्यावर ओळीनं मांडायचे, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. उस्तादांचं दखनीतलं वाक्य अण्णा शेवटपर्यंत सांगायचे, "पैले सुन, बाद में पाना उठा."

तेव्हा आमच्या भागात किर्लोस्करची इंजनं होती, साताऱ्याकडची कूपर होती आणि राजकोटहून येणारी लिस्टर टाइप, म्हणजे मोठ्या चाकांची, मिनिटाला ६५० फेऱ्या घेणारी संथ इंजनं. अण्णांचा जीव या लिस्टर टाइपवर. इंजन चालू करायला सांगायचे आणि स्वतः पाठमोरे उभे राहायचे, नुसतं ऐकत. मग लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक हेडला, क्रँककेसला, पंपाला टेकवायचे आणि मूठ कानाला. मला त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाची, टिकटिक क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच येते, कारण व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगानं फिरतो. बिगएंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग, गेलं असेल तर ठोका जड येतो आणि लोड पडला की वाढतो. फेरी मोजायची, ठोका मोजायचा, निम्मं रोगनिदान तिथंच झालं. मग धूर बघायचा. काळा असेल तर लोड जास्त किंवा डिझेल फवारणारं नोझल गळतंय, निळा असेल तर पिस्टनच्या रिंगांवरून ऑइल वर चढतंय, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय.

एवढं तर पुष्कळ मिस्तऱ्यांना येतं. अण्णांचं वेगळेपण पुढं होतं. ते म्हणायचे, "का मोडलं ते कळाल्याबिगर नवीन सामान घालायचं नाही. नवीन बी मोडंल." गिऱ्हाईक घाईला आलेलं असायचं, पाणी खोळंबलेलं असायचं, तरी ते ऐकायचे नाहीत. एका शेतकऱ्याच्या इंजनाच्या रिंगा सारख्या झिजायच्या. दुसऱ्या मिस्तऱ्यांनी रिंगा बदलल्या, लाईनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) बदलला, पुन्हा तेच. अण्णांनी इंजन खोललंच नाही. सम्पमधलं, म्हणजे इंजनाच्या तळातलं, ऑइल बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं आणि माझ्याही बोटावर दिलं. कचकच लागली. मग इंजन चालतं ती जागा दाखवा म्हणाले. रबीत त्या इंजनावर मळणीयंत्र चालायचं आणि भुसा उडायचा तो थेट इंजनाच्या तोंडाशी. हवेची जाळी कधीच फुटून गेलेली. अण्णांनी हवेचं नळकांडं डोक्याएवढं उंच नेलं, वाऱ्याच्या उलट्या अंगाला वळवलं, खाली ऑइलचं भांडं बसवलं म्हणजे धूळ त्यात धरली जाईल. त्यानंतरच नवीन रिंगा टाकल्या. मजुरी घेतली ती फक्त रिंगा टाकायची.

गावात वीज पक्की झाल्यावर गिरणीवाले इंजन काढून मोटर बसवायला लागले. लोक जुनीच पुली मोटरला लावायचे आणि गिरणी दुप्पट वेगानं पळायची, पीठ जळकं यायचं. अण्णा जमिनीवर खडूनं मांडायचे. इंजनाच्या ६५० फेऱ्या, पुली १२ इंची, गुणाकार ७८००. मोटरच्या फेऱ्या १४४०. भागिले की साडेपाच इंचाच्या आत-बाहेर. "साडेपाचची पुली आणा, दगडाला कळणार बी नाही मालक बदलला म्हणून." चौथी शिकलेला माणूस हा भागाकार तोंडी करायचा.

आता घरातले अण्णा.

खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली जायची आणि त्या दिवशी पान्यांना हळदकुंकू लावायचा मान घरातल्या मुलींचा. येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, दुकान बंद म्हणजे बंद. सगळं घर शेतात, आंबील, भज्जी, आणि अण्णा बिबव्याच्या झाडाखाली आडवे. कुणी इंजन बंद पडलं म्हणून निरोप घेऊन आलं तर त्याला आधी जेवायला बसवायचे. व्हॉल्व्ह घासायला त्यांनी मला बसवलं तेव्हा मी शाळेत होते. पेस्ट लावून काठीवर व्हॉल्व्ह दोन्ही तळव्यांत फिरवायचा. आधी खरखर येते, मग हळूहळू आवाज मऊ होतो. झालं असं वाटलं की पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं. सीटमधून, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेतून, थेंब पाझरला तर पुन्हा घास. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीच्या हाताला काळं कशाला?" अण्णा म्हणाले, "वैनी, साबणानं निघतं ते."

मायला लकवा मारला तेव्हा अण्णा साठीच्या पुढं होते. उजवा हात खांद्यातून उचलत नव्हता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, पण दिवसभर हात धरून वरखाली करणार कोण? अण्णांनी माळवदाच्या तुळईला कप्पी लावली. दोरीच्या एका टोकाला मऊ कापडाचा पट्टा, त्यात मायचं मनगट. दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी, बरोब्बर हाताच्या वजनाची. मायनं नुसतं मनात आणलं तरी हात वर जायचा. आणि दर चार-आठ दिवसांनी ती झोपलेली असताना अण्णा पिशवीतली मूठभर वाळू काढून घ्यायचे. तिला काही सांगायचे नाहीत. वजन कमी होत गेलं तसा तिचा स्वतःचा हात जास्त काम करायला लागला. पिशवी रिकामी झाली तेव्हा तिला कळलं. दंड पूर्ण भरला नाही, पण ती स्वतःच्या हातानं जेवू लागली, वेणी घालू लागली. ती कप्पी अजून तुळईला आहे. भाऊ म्हणतो काढू. मी म्हणते राहू दे.

परभणीकर

भावपूर्ण श्रद्धांजली. वाळूच्या पिशवीचं वाचून थांबलो. आमच्या बापूंना दाखवलं, तेही जिनिंगला फिटर होते. म्हणाले, "मानूस इंजनाचा नव्हता, वजनाचा होता." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला नीट कळालं आहे.

माळरान

छान लिहिलंय ताई. आम्ही आष्टीकडचे, दुष्काळ पाचवीला पुजलेला. १९७२ ला मी लहान होतो, पण इंजन विहिरीत उतरवायचा खटाटोप अजून डोळ्यांसमोर आहे. पाणी खाली गेलं की पंप ओढायचाच बंद. माझे आजोबा म्हणायचे इंजन म्हातारं झालं. पुढं शाळेत कळालं की पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते ढकलतो, आणि तो हिशेबानं १० मीटरच्या वर ढकलूच शकत नाही. प्रत्यक्षात सहा-सात मीटर मिळाले तरी नशीब. म्हणून विहिरीत टप्पा काढायचा आणि इंजन-पंप तिथं खाली न्यायचा. चार बैल, सोल म्हणजे जाड दोर, आणि वर एक माणूस नुसता ओरडायला. तुमच्या अण्णांनी ही कामं केली का?

तेरणाकाठची

माळरानदादा, केली, पण एका अटीवर. धुराडं विहिरीच्या काठाच्या वर निघालं पाहिजे. तेवढा पाइप घ्यायची ऐपत नसेल तर अण्णा स्वतःच्या दुकानातला द्यायचे, पण त्याशिवाय इंजन उतरवायचे नाहीत. यावरून त्यांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. विहिरीत चालू इंजनाजवळ बसलेली माणसं धुरातल्या विषारी वायूनं गेली, असं त्यांनी उमेदवारीच्या काळात पाहिलं होतं. लोक कंदील सोडून बघायचे, कंदील जळतोय म्हणजे हवा चांगली. अण्णा सांगायचे की या वायूला वास नाही, रंग नाही, आणि माणूस मरेल एवढा असला तरी कंदील जळतच राहतो. इंजन बंद करून, भरपूर वेळ जाऊ देऊन, कमरेला दोर बांधून, वर माणूस ठेवूनच उतरायचं. ज्यांच्याकडं अजून अशा विहिरी आहेत त्यांनी हे कृपा करून घरात सांगा.

गोदाकाठ

+१. आमच्याकडं नांदेड भागात आता इंजन गेलं, मोटारी आल्या आणि मिस्तरी रिवाइंडिंगवाले झाले. शेतीला थ्री फेज आठ तास, त्यातही एक फेज गायब झाला की मोटर घूं घूं करत तापते आणि जळते. आमचे काका जळालेली मोटर आली की आधी कॉइल बघायचे. ज्या फेजच्या कॉइली कोऱ्या राहिल्या त्यावरून सिंगल फेजिंगनं (एक फेज गेल्यानं) जळाली का ओव्हरलोडनं, ते सांगायचे. ओव्हरलोड असेल तर सगळ्याच काळ्या पडतात. तुमच्या अण्णांचं तेच, "का मोडलं?"

हापसा

या धाग्यावर जालन्याचं नाव यायलाच पाहिजे, म्हणून थोडं विषयाला धरून लिहितो.

गावोगावी जो हापसा दिसतो, इंडिया मार्क टू, त्याचा आजा जालन्याचा आहे. १९६० च्या दशकात बोअर घेतले जायला लागले तेव्हा वर बसवलेले पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते, परदेशात एकेका कुटुंबाच्या अंगणात चालणाऱ्या पंपांची नक्कल. आपल्याकडं एका पंपावर अख्खं गाव. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा चालू. बिडाचा सांधा तो कसा टिकणार? आठवड्यात कान तुटायचा. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये काम करणाऱ्यांनी पोलादी दांड्याचा, एकाच खिळीवर फिरणारा पंप केला, तो 'जालना पंप'. त्यावरून पुढं सोलापूर पंप निघाला आणि सोलापूरवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क टू. त्यात दांड्याच्या पुढच्या टोकाला चाकाचा तुकडा असतो, त्यावरून साखळी लोंबते. त्यामुळं आतली सळई सरळ रेषेत वरखाली होते, आजूबाजूला घासत नाही. दांड्याच्या खिळीला बॉल बेअरिंग. इतकं साधं.

मी पंचायत समितीकडं हातपंपांचं काम करत होतो. सांगायचं हे की मार्क टूच्या मागं मोठ्या इंजिनिअरांइतकेच मोडलेले पंप रोज उघडणारे वर्कशॉपातले मिस्तरी आहेत, आणि त्यांची नावं कुणाला पाठ नाहीत. ताई, तुम्ही लिहिताय ते फार गरजेचं आहे. भिंतीवरचे खडूचे हिशेब पुसायच्या आत फोटो काढून ठेवा.

तेरणाकाठची

हापसादादा, काल रात्रीच काढले. एका कोपऱ्यात मायच्या हाताचं वजन लिहिलेलं सापडलं, किलो आणि ग्रॅममध्ये. कशावर तोललं असेल कोण जाणे, बहुतेक दुकानातल्या तराजूवर.

पांढरीची_माती

मी किल्लारीजवळचा. लिहावं का नको, दोन दिवस विचार करत होतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आमची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडाच्या रुंद भिंती आणि वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली पांढरी माती. ते सगळं खाली आलं. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, बाहेर ओट्यावर झोपलो म्हणून राहिलो. उजाडल्यावर लोक हातांनी दगड उपसत होते. जो तो वरून ओढत होता आणि बाजूचा ढीग आत घसरत होता.

सकाळी एक जण ट्रॅक्टरवर जॅक, चेन पुली आणि लाकडी ठोकळ्यांचं पोतं घेऊन आला. तो ओरडून सगळ्यांना थांबवत होता हे मला पक्कं आठवतं. "ओढू नका. उचला." तुळईखाली जॅक लावायचा, दोन बोटं उचलायची, लगेच ठोकळा सारायचा, जॅक सोडून परत लावायचा. जॅक निसटला तरी तुळई ठोकळ्याच्या खाली येऊ नये म्हणून. माझी थोरली बहीण त्या तुळईखालून निघाली, जिवंत. आई नाही निघाली.

लोक त्यांना अण्णा म्हणत होते. नाव मी कधी विचारलं नाही, त्या वयात सुचलं नाही. इंजनवाले होते एवढंच नंतर कुणीतरी सांगितलं. तेच असतील तर माझ्या बहिणीचा नमस्कार त्यांच्यापर्यंत पोचवायचा राहिला, तो तुम्हाला. आता ती उमरग्याला आहे, तिला नातवंडं आहेत.

तेरणाकाठची

दादा, तेच असावेत. ठोकळ्यांचं पोतं अजून दुकानात आहे, बाभळीचे ठोकळे, एकावर एक बसणारे. भूकंपानंतर ते आठ दिवसांनी घरी आले आणि त्याबद्दल घरात एक अक्षर बोलले नाहीत. माय विचारायची तर म्हणायचे, "होते तेवढे ठोकळे पुरले नाहीत." त्यानंतर वर्षभर सवड मिळेल तसे ते ठोकळे कापत होते. आम्हाला वाटायचं विरंगुळा. ताईंचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? मायला त्यांच्याशी बोलायचंय. मी तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला.

नवा_पाना

मनापासून आदर आहे, पण एक वेगळं मत मांडतो. मी ट्रॅक्टर कंपनीच्या सर्व्हिसला आहे. आताच्या इंजनात सेन्सर असतात, स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड येतो. कानानं ऐकून आता भागत नाही. जुन्या मिस्तऱ्यांचं कौतुक करताना नव्या पोरांना 'तुम्हाला काय येतंय' असं ऐकावं लागतं, ते बरोबर नाही.

आयटीआय_निदेशक

दोघांचंही पटतं. कोड आला की पोरगं तो भाग बदलतं, कोड का आला ते बघत नाही. वायर उंदरानं कुरतडलेली असते आणि सेन्सर नवा बसतो. ताईंच्या अण्णांची रीत तिथं शिकवण्यासारखी आहे. पण आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ही माणसं कानांना काही न लावता आयुष्यभर उघड्या सायलेन्सरशेजारी उभी राहिली. ताई, त्यांचे कान शेवटी कसे होते?

तेरणाकाठची

सर, बरोबर ओळखलंत. शेवटची काही वर्षं फार कमी ऐकू यायचं. यंत्र लावलं तर कटकट व्हायची, काढून ठेवायचे. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाऐवजी दातांत धरायला सुरुवात केली. हाडातून आवाज पोचायचा. नातू गंमत समजून तसंच करायचा, त्यालाही ते ठोके मोजायला लावायचे. त्यांनी माझ्या भावाला आणि दुकानातल्या पोरांना कानात घालायला बोळे आणून दिले होते आणि ग्राइंडरवर चष्म्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः मात्र वापरले नाहीत. मला त्यांचा राग येतो तो याच एका गोष्टीचा.

नवा_पाना, अण्णांना तुमचा स्कॅनर फार आवडला असता. गावात पहिल्यांदा डिजिटल मीटर आला तेव्हा ते लातूरहून तो घेऊन आले आणि रात्री घरातली एकूण एक वस्तू मोजत बसले होते.

डाळमिलवाला

आमच्या मिलच्या शाफ्टचं बेअरिंग त्यांनी बसवलं होतं, ओळखलं मी. मजुरी विचारली तर म्हणाले, "तुरीची डाळ द्या, घरी पोरं हायेत." डाळ घेतली ती पण तोलून, मजुरीएवढीच. विनम्र अभिवादन.

सोयाबीन

ताई, अशा धाग्यात विचारावं का कळत नाही, पण विचारतो. आमच्या शेतात आजोबांचं लिस्टर टाइप आहे, सहा हॉर्सपॉवर, कितीतरी वर्षं बंद. फिरवून बघितलं तर जागचं हलत नाही. भंगारवाला मागतोय. चालू होईल का?

तेरणाकाठची

सोयाबीनदादा, अगदी विचारा, त्यांना हेच आवडलं असतं. भंगारात देऊ नका.

हॅण्डल मारून जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. आधी सायलेन्सर काढून आत बघा, कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं किंवा उंदरानं चिंध्या भरलेल्या असतात. मग नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल निम्मंनिम्म करून कपभर ओता आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. रिंगा गंजून लाईनरला धरलेल्या असतील तर त्या भिजून सुटायला वेळ लागतो. तोवर वरचं झाकण काढून दोन्ही व्हॉल्व्ह लाकडानं दाबून बघा, परत वर येतात का. टाकी धुवा, फिल्टर बदला, सम्पमधलं सगळं ऑइल काढून नवीन टाका. नंतर नोझलचं भोक उघडंच ठेवून फ्लायव्हील हातानं पुढंमागं हलवा, एकाच दिशेला रेटू नका. पूर्ण फेरी मोकळी झाली, आत राहिलेलं ऑइल भोकातून उडून गेलं, की मगच नोझल बसवा. मग पंपाचा स्क्रू ढिला करून हवा काढा, डिझेल बुडबुड्यांशिवाय आलं पाहिजे. हॉपरमध्ये, म्हणजे इंजन गार ठेवायच्या टाकीत, पाणी भरा. डिकॉम्प्रेशन लिव्हर (आतला दाब सोडणारी दांडी) उचलून हॅण्डल फिरवा, वेग आला की लिव्हर सोडा.

भाऊ पुढच्या आठवड्यात उदगीरला जाणार आहे. तुमचं शेत त्या बाजूला असेल तर गाव कळवा, तो येऊन बघेल. आणि चालू झालंच तर धूर कोणत्या रंगाचा येतो ते नक्की लिहा.